काटा नसलेली दुकानं

आमच्या घरी आलेलं पहिलं पार्सल तायडे मॅडमनी मला उघडू दिलं नव्हतं.

अमरावतीच्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नसेल. शाळेत शिकवून दुपारी घरी आले, तर तळमजल्यावरच्या दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. अंगावर सुती पातळ, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि हातात माझं खोकं. ते त्या कानाशी धरून हलवून पाहत होत्या.

"नीलिमा तुमीच काय?"

"हो."

"काय मागवलं?"

"मिक्सर."

"मंग आतमंधी हे काय खडखड करून राहिलं?"

मी खोकं घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ते दिलं नाही. मला मोबाइल काढायला लावला. खोक्यावरचा पत्ता दिसेल असा व्हिडिओ सुरू करायला सांगितला आणि मगच स्वतःच्या घरातली सुरी आणून चिकटपट्टी कापली. मिक्सर धड होता. भांड्याचं झाकण सुटं होऊन वाजत होतं, एवढंच. तरी त्यांनी मिक्सर उलटा केला, चष्मा लावला आणि बुडाशी चिकटवलेला कागद वाचत बसल्या.

"बनवला एकानं, विकला दुसऱ्यानं. तुमी पैसे देल्ले तिसऱ्याले. पाह्यलं होतं काय हे?"

मी नाही म्हटलं.

"पाहात जा," असं म्हणून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. नवीन शेजाऱ्याला लोक चहाला बोलावतात. मॅडमनी मला चहा पाजला त्याला पुढे सहा महिने लागले.

सुमन तायडे वजनमापं निरीक्षक होत्या. नोकरी बहुतेक अकोल्यात झाली. डाळ मिला, कापसाची खरेदी केंद्रं, पेट्रोल पंप, सोनारांच्या पेढ्या, सगळीकडे जाऊन काटे तपासायचे, खोटं माप सापडलं की जप्त करायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीला दोन खोल्यांचं घर घेतलं. लग्न केलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, एक टेबल, एक कपाट आणि टेबलावर स्वतः विकत घेतलेला, शिक्का मारून आणलेला तराजू. इतक्या स्वच्छ घरात मी पुढेही कधी गेले नाही. पण त्या घरात एकच खुर्ची होती आणि तीही त्या पाहुण्याला लगेच देत नसत.

खुर्चीची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. पहिल्या नेमणुकीत त्या एका मोठ्या दुकानात तपासणीला गेल्या. मालकानं हातातलं काम टाकून खुर्ची पुढे केली, पंखा लावला, थंड पाणी मागवलं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या. तेवढ्या वेळात मागच्या दारानं गोदामातली वजनं बदलली गेली. ते त्यांना दोन वर्षांनी कळलं, तेही त्याच मालकानं हसत हसत सांगितलं म्हणून.

"तेव्हापासून कोनी 'बसा' म्हटलं की मी उभी राह्यते," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी खुर्ची पुसली ना कोनी, की मले वाटते, मांगं काहीतरी चालू हाये."

हे त्या लग्नाघरीही पाळत. यजमान खुर्ची घेऊन मागे मागे फिरत आणि मॅडम भिंतीशी उभ्या.

नोकरीत असेपर्यंत त्यांनी मोबाइलवरून काही मागवलं नव्हतं. निवृत्तीनंतर अकोल्याच्या बहिणीनं मोठा फोन घेऊन दिला आणि त्यावर एक खरेदीची वेबसाइट उघडून दाखवली. चादरी, कुकर, चपला, डाळ, तिखट, सगळं एकाच ठिकाणी. मॅडमनी बराच वेळ बोटानं पान वर सरकवलं आणि विचारलं, "याच्यात काटा कुठी हाये?"

बहीण हसली. मॅडम हसल्या नाहीत. जन्मभर ज्या दुकानात शिरल्या तिथे तपासायला काहीतरी हाताशी होतं. इथे दुकानच दिसत नव्हतं. नुसती चित्रं आणि त्यांच्याखाली ग्राहकांनी दिलेल्या चांदण्या. त्या दिवसापासून त्यांनी या दुकानांचा अभ्यास सुरू केला, आणि तो नवीन गावी बदली झालेल्या माणसानं तिथला बाजार समजून घ्यावा तसा केला.

त्यांची पद्धत अशी. वेबसाइट उघडली की वरची चित्रं, सवलती, हसणारी बायका-पोरं यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. बोटानं पान थेट खाली न्यायचं, अगदी शेवटापर्यंत. तिथे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायचं. पत्ता आहे का. फोन आहे का. माल परत घेण्याच्या अटी कोणत्या. "आमच्याबद्दल" या पानावर स्वतःबद्दल काही आहे की नुसतंच गोड गोड. मग सकाळी बरोबर अकराला त्या नंबरवर फोन लावायचा. अकरालाच का, असं मी विचारलं होतं. "अकराले धंद्याचा मानूस दुकानावर असतेच. नसला तं मंग दुकानच नसते." या एका ठोकताळ्यानं पुढे केवढा घोटाळा केला, ते सांगेनच.

एकदा त्यांनी तूरडाळ मागवली. प्रत्येकी एकच किलो, पण चार ठिकाणांहून. चारही पुडे आले तेव्हा आम्हा इमारतीतल्या बायकांना बोलावलं आणि टेबलाभोवती उभं केलं. पहिला पुडा सगळ्यांना माहीत असलेल्या मोठ्या साइटवरचा. हजारो विक्रेते तिथे माल मांडून बसतात. वजन बरोबर निघालं, पण विकणारा परराज्यातला आणि पॅकिंगची तारीख जुनी. "हा आपला आठवडी बाजार," मॅडम म्हणाल्या. "साइटवाला नुसती जागा देते. भांडाचं कोनासंग, थे आपल्याले मालूम नसते." दुसरा पुडा एका डाळ कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा. सगळं चोख, पण आणून देण्याचे पैसे वेगळे आणि पुड्याला यायला नऊ दिवस लागलेले. तिसरा शहरातल्या शहरात दोन तासांत घरी पोचवणाऱ्यांचा. त्यात डाळ थोडी कमी भरली. पिशवीचं वजन त्यांनी डाळीतच धरलं होतं. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. चोर सापडला की त्यांना बरं वाटायचं.

चौथा पुडा चांदूर बाजारच्या एका बाईचा. ती फोनवरच फोटो टाकून घरची डाळ विकायची. तो काट्यावर ठेवला आणि पारडं खाली गेलं. डाळ किलोपेक्षा जास्त होती.

आम्ही बायका "वा वा" म्हणालो. मॅडमनी पुडा उतरवला, काटा तपासला, पुन्हा ठेवला. पुन्हा जास्त.

"हिनं जास्त कावून देल्ली?" त्या म्हणाल्या.

"अहो मॅडम, चांगुलपणा असेल," देशमुख काकू म्हणाल्या. त्या आमच्या समोर राहत.

"कमी देनाऱ्याचं कारन मले समजते," मॅडम म्हणाल्या. "जास्त देनाऱ्याचं समजत नाही."

ती डाळ त्यांनी तीनदा पाखडून, भिजवून, शिजवून पाहिली आणि काही खोट सापडली नाही तेव्हा खाल्ली. पण त्या बाईकडून पुन्हा मागवली नाही.

एवढ्या सगळ्यावर कॉलनीत त्यांच्याबद्दल कुजबूज होणारच. कोपऱ्यावरच्या गुल्हाने किराणावाल्यानं मॅडमना हाताशी धरलंय, ऑनलाइनवाल्यांची बदनामी केल्याबद्दल तो त्यांना काहीतरी देतो, असं लोक म्हणू लागले. खरं सांगायचं तर मलाही एक-दोन दिवस तसं वाटलं. पोळ्याच्या सुमारास गुल्हानेंनी मॅडमच्या घरी मिठाईचा डबा पाठवला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात गर्दी असताना मॅडम तो डबा घेऊन गेल्या, काउंटरवर ठेवला आणि किलोभर साखर मागितली. साखर घेतली, पिशवीतून स्वतःचा काटा काढला आणि सगळ्यांसमोर मोजली. कमी भरली. गुल्हानेंनी निमूटपणे मूठभर साखर आणखी घातली. कुजबूज थांबली. गुल्हानेंनी मात्र मॅडमशी बोलणं टाकलं.

देशमुख काकूंच्या शिलाई मशीनचं प्रकरण त्यानंतरचं. काकूंना घरी फॉल-पिकोचं काम सुरू करायचं होतं. एका वेबसाइटवर मशीन अर्ध्याहून कमी किमतीत दिसली. वर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं धावत होतं, "फक्त दोनच शिल्लक" असं लिहिलेलं. काकूंनी घाईघाईत पैसे भरले. महिना झाला, मशीन आली नाही. फोन लागेना. तेव्हा त्या मॅडमकडे आल्या.

मॅडमनी पान तळाशी नेलं. पत्ता अकोल्याचा होता, जुन्या कापड बाजारामागच्या एका गल्लीचा.

"ही गल्ली मी शंभरदा पाय घासत फिरली," त्या म्हणाल्या. "इथं मशीन विकनारं कोनी नोतं." मग त्यांनी मला वेबसाइट बंद करून पुन्हा उघडायला लावली. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मशिनी अजून दोनच शिल्लक होत्या. "महिन्यापासून दोनच. पाह्यलं?"

रविवारी मी आणि मॅडम एसटीनं अकोल्याला गेलो. काकूंना त्यांनी येऊ दिलं नाही. "रडतीन, आन मानूस सावध होईन." पत्त्यावर पोचलो तर तिथे दुचाकीच्या सीट कव्हरचं दुकान होतं. दाराला पुठ्ठा टांगलेला. त्यावर मार्करनं लिहिलं होतं : येथे शिलाई मशीन मिळत नाही.

आत पन्नाशीचे एक गृहस्थ रेक्झिन कापत होते. आम्हाला पाहिलं आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.

"मशीन ना?" ते म्हणाले. "बाई, या हप्त्यात तुमी तिसऱ्या. परसों वाशिमहून एक मानूस आला, मेरा कॉलरच पकडला. मैं क्या करूं? पत्ता माझा, पन धंदा माझा नाही ना."

त्यांनी स्टूल पुढे केलं. मॅडम अर्थातच बसल्या नाहीत. त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक जुनी शिलाई मशीन होती.

"ही कधी घेतली?"

"ये? अब्बा की है."

मॅडम वाकल्या, मशीनच्या खालचा नंबर पाहिला, चाक फिरवून पाहिलं, तेलाचा वास घेतला. मी शरमेनं गल्लीकडे बघत उभी राहिले. खात्री पटल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी पोलिसात तक्रार देल्ली काय?"

"गया था. बोले, तुमचं काय नुकसान झालं?"

"नाव तुमचं वापरलं, हे नुकसान नाही काय? चला."

आणि त्या माणसाला त्याच्या दुकानाला कुलूप लावायला लावून मॅडम पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. तक्रारीचा मसुदा त्यांनीच लिहिला, निरीक्षकाच्या नोटिशीच्या भाषेत, कलमवार. काकूंचे पैसे परत मिळाले नाहीत. दोन दिवसांनी ती वेबसाइट गायब झाली आणि महिन्याभरात दुसऱ्या नावानं उगवली. तेच घड्याळ, तीच मशीन. पत्ता आता नाशिकचा होता.

पण अकोल्याच्या त्या खेपेनं मॅडमचं नाव झालं. देशमुख काकूंनीच एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, "पाहून घ्या" नावाचा. काही घ्यायचं असलं की बायका त्यावर वेबसाइटचा पत्ता टाकायच्या. मॅडम दोन दिवस घ्यायच्या आणि नुसता एक गोल पाठवायच्या. हिरवा, पिवळा किंवा लाल. हिरवा क्वचितच यायचा. मोठ्या साइटलाही त्या वस्तू पाहून आणि विकणारा पाहून पिवळा द्यायच्या. लाल गोलाखाली मात्र कारणं लिहायच्या आणि शेवटी : सुमन तायडे, निवृत्त वजनमापं निरीक्षक. ग्रुप वाढत गेला. मोर्शीच्या, बडनेऱ्याच्या, अकोल्याच्या बायका आल्या. मॅडमना कुणी ओळखत नव्हतं, पण लाल गोलाला सगळे ओळखू लागले.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला तीन आठवडे होते. कुणीतरी "गोदाबाईची बर्फी" अशी वेबसाइट पाठवली. वरूडकडची संत्रा बर्फी, सरबत, उटण्यासाठी सालीची पूड. मॅडम तळाशी गेल्या. पत्त्यात नुसतं गावाचं नाव आणि तालुका. "आमच्याबद्दल" मध्ये कुठल्याशा परदेशी बागेचा फोटो. ग्राहकांच्या पंधरा प्रतिक्रिया, सगळ्या एकाच दिवशीच्या आणि एकाच माणसानं लिहिल्यासारख्या. अकराला फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी अकराला लावला, उचलला नाही. लाल.

मी तो संदेश वाचला आणि आपल्या ओळखीच्या चौघींना पुढे पाठवला. हे मी सांगितलंच पाहिजे. आमच्यापैकी प्रत्येकीनं तेच केलं असणार.

दहा-बारा दिवसांनी, सकाळी आठच्या सुमारास, खाली एक स्कूटी थांबली. पस्तिशीची एक बाई उतरली. डोक्याला स्कार्फ, पायांत चिखल वाळलेल्या चपला. हातात स्टीलचा डबा. मी शाळेला निघाले होते, जिन्यातच थांबले.

"तायडे मॅडम तुमीच काय?"

"हाव. तुमी कोन?"

"मी रेखा खेरडे. गोदाबाई माही सासू."

मॅडम दारातून हलल्या नाहीत. रेखाही पुढे आली नाही.

"मॅडम, सत्तर लोकायनं ऑर्डरी रद्द केल्या. अकोल्याच्या एका बाईनं फोनवर मले चोट्टी म्हटलं. मी विचारलं, कावून वं बाई, तं तिनं तुमचा मेसेज पाठवला."

"मी दोनदा फोन केला. उचलला नाही."

"अकराले मी पॅकिंगच्या शेडात राह्यतो ना. संत्रा छाटाचं काम राह्यते, दोन वाजेलोक. फोन घरी राह्यते, सासूजोळ. तिले ऐकू येत नाही."

मॅडमनी चष्मा डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "आन त्या पंधरा बाया? ज्यायनं तुमच्या बर्फीची तारीफ केली? कोन होत्या त्या?"

"मले मालूम नाही. वेबसाइट बनवनाऱ्यानं टाकल्या. तो म्हने, सगळेच टाकतेत."

"फोटो?"

"तेही त्यानंच."

"मंग खोटंच ना ते."

रेखानं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "हाव. ते खोटंच हाये. मले आता समजलं. पन बर्फी खोटी नाही, मॅडम. तुमी बर्फी कुठी पाह्यली?"

तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि स्कूटी सुरू करून निघून गेली. मॅडम डब्याकडे बघत किती वेळ उभ्या होत्या, मला माहीत नाही. मला उशीर झाला होता. संध्याकाळी आले तेव्हा डबा टेबलावर होता, न उघडलेला.

"उद्या वरूडले जातो," त्या म्हणाल्या. "येता काय?"

शाळेत रजा टाकून मी गेले. मॅडमनी तराजू बरोबर घेतला होता. गावाबाहेर पत्र्याच्या शेडात रेखा आणि चार बायका संत्री निवडत होत्या. बाजूच्या खोलीत मोठ्या कढईत गर आटत होता आणि एक म्हातारी ढवळत होती. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. रेखानं एकदा पाहिलं आणि परत कामाला लागली. मॅडमनी स्वतःच एक रिकामं क्रेट उलटं केलं आणि त्यावर बसल्या. त्यांना दुसऱ्याच्या जागेत आल्या आल्या बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी वीस डबे तराजूवर मोजले. सगळे बरोबर. साखरेचं प्रमाण विचारलं, कढई पाहिली, पाणी कुठून येतं ते पाहिलं, डब्यावर तारीख आणि वजन नीट छापलेलं नाही म्हणून बोलल्या. मग म्हातारीनं बशीत बर्फीची वडी दिली. मॅडमनी ती खाल्ली, बशी खाली ठेवली.

"रेखाबाई, माही चूक झाली," त्या म्हणाल्या. "लाल द्याच्या आधी इथं याले पाह्यजे होतं. अकोल्याले गेली होती ना मी एका मशीनसाठी. तुमच्यासाठी नाही आली."

रेखा संत्री निवडत राहिली. "आता काय करनार तुमी?" तिनं विचारलं. "डबे तं तयार हायेत."

मॅडमनी त्याच दिवशी तिथे बसून वेबसाइट बनवणाऱ्याला खोट्या प्रतिक्रिया आणि परदेशी बागेचा फोटो काढायला लावला. शेडाचे, कढईचे, म्हातारीचे फोटो मी माझ्या फोननं काढले. फोन उचलण्याची वेळ "दुपारी दोन नंतर" अशी लिहिली. आणि ग्रुपवर मॅडमनी मोठा संदेश टाकला : मी चुकीचा शेरा दिला, स्वतः जाऊन तपासलं आहे, माल खरा आहे.

तो संदेश आमच्या जिन्यापलीकडे गेला नाही. पाच-सहा जणींनी हात जोडल्याची चित्रं टाकली, बस. लाल शेरा मात्र अजून फिरत होता. मला माझ्याच एका मावसबहिणीकडून तो परत आला, "सावधान" अशी वर भर घालून.

मग मॅडमनी रेखाकडून रद्द झालेल्या ऑर्डरींची यादी घेतली आणि एकेकीला फोन लावले. अकोल्यातल्या बायकांकडे त्या स्वतः गेल्या. शेवटच्या शनिवारी मी बरोबर होते. एका बंगल्याच्या फाटकात तरुण बाईनं त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्ही त्याच मॅडम, हे कशावरून?"

मॅडमनी पर्समधून जुनं ओळखपत्र काढून दिलं. बाईनं ते उलटसुलट पाहिलं.

"हे तर मुदत संपलेलं आहे."

"मी रिटायर झाली ना, बाई."

"नाही, म्हणजे," ती म्हणाली, "आधी वाईट लिहायचं, मग चांगलं लिहायचं. त्या बर्फीवाल्यांनी तुम्हाला काही दिलं असेल तर आम्हाला कसं कळणार?"

मी रागानं काहीतरी बोलणार होते. मॅडमनी माझा हात धरला. "बरोबर विचारून राहिली ते," त्या म्हणाल्या आणि ओळखपत्र परत घेऊन पर्सची चेन लावली. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरला त्यांनी पर्स उघडून ओळखपत्र पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "तिच्या जागी मी असती तं मीही फाटक उघडलं नसतं."

दिवाळीपर्यंत निम्मे डबे गेले. उरलेले रेखानं बाजारात मिळेल त्या भावानं काढले. उन्हाळ्यात तिनं वेबसाइट बंद केली. आता ती नागपूरकडच्या एका व्यापाऱ्याला माल देते. तो स्वतःचं लेबल लावून मोठ्या साइटवर विकतो. तिला त्यात दुःख नव्हतं, निदान फोनवर तरी वाटलं नाही. "आता कोनी मले चोट्टी म्हनत नाही," ती म्हणाली. "माहं नावच नाही त्याच्यावर."

मॅडमनी ग्रुपमधून नाव काढून घेतलं. बायका तरी घरी येऊन विचारत, तर त्या एवढंच सांगत, "मले मालूम नाही. जाऊन पाहा." वर्षभरात गुडघे फारच दुखू लागले, तेव्हा त्या बहिणीकडे अकोल्याला राहायला गेल्या. तराजू मात्र सोबत नेला.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी मी अकोल्याला गेले होते, तेव्हा त्यांना भेटायला गेले. गॅलरीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, फोन डोळ्यांजवळ धरलेला. शेजारी बर्फीचा उघडा डबा. वर दुसऱ्याच कुणाचं नाव, वेगळंच चित्र.

"खाऊन पाहा," त्या म्हणाल्या.

मी खाल्ली. चव ओळखीची होती. "रेखाचीच!"

"तिचीच. वजनही बरोबर हाये. म्हनून म्हटलं, लिहावं." आयुष्यात त्यांनी कुठल्याच वेबसाइटवर प्रतिक्रिया लिहिली नव्हती. त्यांनी फोन माझ्यापुढे केला. लिहिलं होतं : ही बर्फी वरूड तालुक्यातील श्रीमती रेखा खेरडे स्वतः बनवतात. मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. वजन बरोबर. चव चांगली. खाली पूर्ण नाव, हुद्दा, घरचा पत्ता, फोन नंबर.

"सकाळपासून तिसऱ्यांदा परत आलं," त्या म्हणाल्या. "लिहून येते, कोनाची वैयक्तिक माहिती लिहाची नाही. माहं नाव काढून पाह्यलं, तिचं ठेवलं. परत. तिचं काढलं, माहं ठेवलं. परत."

"मग दोन्ही काढा ना. 'वजन बरोबर, चव चांगली' एवढंच ठेवा. ते घेतील."

"तेवढंच ठेवलं तं घेतीन," मॅडम म्हणाल्या. "पन ते लिहिलं कोनं, आन कोनाबद्दल? असं वाक्य मले दिसलं असतं, तं मी म्हटलं असतं, पैसे घेऊन लिहिलं."

लग्नाची वेळ होत आली होती. मी उठले, पाया पडले. गल्लीच्या वळणावर आल्यावर मागे पाहिलं. गॅलरीत मॅडम चष्मा कपाळावर सरकवून फोनवर वाकल्या होत्या आणि एका बोटानं, थांबत थांबत, पुन्हा पहिल्यापासून लिहीत होत्या.